आईच्या नावाचा रकाना

व्हर्लीनने पायानेच खुर्ची पलंगाजवळ ओढली, फॉर्म लावलेली पाटी मांडीवर घेतली आणि गुडघ्यावर हात दाबत सावकाश खाली बसली. वरच्या चार ओळी भरून झाल्या होत्या. ओळखपत्र बघून आईचं नाव लिहिलं होतं, पत्ता लिहिला होता, बापाचं नाव लिहिलं होतं. बाप टेरेल ट्रक चालवायचा, तो संध्याकाळपर्यंत येणार होता.

"आता हिचं," ती म्हणाली. "काय लिहू?"

"क्लेअर," पलंगावरची रिबेका म्हणाली.

"लिहू नका," खिडकीशी उभी असलेली तिची आई म्हणाली. तिने वळूनही पाहिलं नाही. आर्नेटा गेन्स तिचं नाव. बाळाचं पिवळं दुपटं ती घडी घालत होती, मोडत होती, परत घालत होती. लोकांचे केस विंचरून, वेण्या घालून तिची बोटं कायम काही ना काही करत राहायची.

व्हर्लीनने पेन वर उचललं आणि वाट पाहिली. मेम्फिसच्या या दवाखान्यात बाळंतिणींचे फॉर्म भरून घ्यायला तिला एकतीस वर्षं झाली होती. सकाळपासून ही सातवी खोली. आधीच्या खोलीत दोघं एकोणीस-वीसची पोरं, नावात एक वाय घालायचा की दोन यावर अर्धा तास हुज्जत घालून एकमेकांच्या खांद्यावर झोपून गेली होती. एके काळी व्हर्लीन अशा वेळी बोलायची. चार शब्द सांगायची, समजवायची. अलीकडे तिने ते सोडून दिलं होतं. कधी सोडलं तेही तिला आठवत नव्हतं. नोव्हेंबरात तिची नोकरी संपत होती, आणि तोवर लोक सांगतील ते सुवाच्य अक्षरात उतरवायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

"क्लेअर," आर्नेटा स्वतःशीच म्हणाली. "साबणाच्या वडीचं नाव वाटतं."

"आई."

"मी काही म्हटलं का? वास चांगला असेल त्या साबणाचा."

रिबेकाने डोळे मिटले. अठ्ठावीस वर्षांची होती, पण काल पहाटेपासूनच्या कळांनी चेहरा असा ओढला होता की व्हर्लीनला ती चाळिशीची वाटली. बाळ तिच्या छातीवर झोपलं होतं. त्याच्या मुठी गालाशी होत्या.

"आईला काय हवंय ते सांगून टाकते तुम्हाला, मिस व्हर्लीन," रिबेका म्हणाली. "म्हणजे आपण तिघी एकदम दमू. तिला डारझेटा हवंय."

"डारझेटा," आर्नेटा म्हणाली, आणि आता मात्र वळली. तिच्या तोंडून ते नाव निराळं आलं, मधलं अक्षर लांबवून, चर्चमध्ये गाण्याची ओळ उचलावी तसं. "डार्नेल माझा भाऊ. ओझेटा माझी आजी. दोघांचं मिळून केलेलं आहे. कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, दुकानात मिळणार नाही. मी बसून केलंय ते, स्वतः."

"सुंदर आहे," व्हर्लीन म्हणाली. हे ती हल्ली सगळ्यांनाच म्हणायची.

"आत्ता नाही केलेलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी केलंय, हिच्यासाठी." आर्नेटाने दुपटं खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. "याच दवाखान्यात. तेव्हा बाळंतिणी तिसऱ्या मजल्यावर असायच्या. डार्नेलला जाऊन पाच महिने झाले होते. मालवाहू बार्जवर कामाला होता, नदीने नेला. मी एकोणीस वर्षांची. तर एक बाई आली फॉर्म घेऊन."

व्हर्लीनने पेनाचं टोपण लावलं.

तिसऱ्या मजल्यावर त्या काळी फॉर्म भरणाऱ्या दोघीच होत्या. दुसरी मिसेस प्रुइट, एक म्हातारी गोरी बाई, कोणाशी कामापलीकडे बोलायची नाही.

"आपल्यातलीच होती, काळी," आर्नेटा म्हणाली. "मी नाव सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, बाळा, ही पोर उद्या मोठी होईल, नोकरीला अर्ज करेल. ते लोक वर लिहिलेलं नाव वाचतील आणि खालचं काही न वाचता कागद बाजूला टाकतील. पोरीच्या पायात आत्ताच धोंडा बांधू नकोस."

धोंडा हा शब्द ऐकून व्हर्लीनने मान खाली घातली. तो शब्द तिचा होता. किती जणींना सांगितला असेल त्याची गणती नव्हती. घरी येऊन नवऱ्याला सांगायची, आज आणखी एकीला वाचवलं. खरंच तसं वाटायचं.

"मग तिने विचारलं, जेवलीस का," आर्नेटा पुढे म्हणाली. "मी जेवले नव्हते. माझी आई माझं तोंड बघणार नव्हती, बाकी कोण आणणार? तर ती बाई खाली गेली आणि स्वतःच्या डब्यातलं सँडविच घेऊन आली. चीज आणि लाल मिरचीचं. अर्धं नाही, अख्खं."

"ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकलीय," रिबेका डोळे न उघडता म्हणाली. "सँडविचसकट."

"ते खाता खाता मी विचारलं, मग काय ठेवू? ती म्हणाली, रिबेका ठेव. छान आहे. बायबलमधलं आहे. त्याला कोण नाक मुरडणार?"

 बाहेर गाडीवरून जेवणाची ताटं नेण्याचा आवाज आला आणि लांब गेला.

"आणि नाही मुरडलं कोणी," रिबेका म्हणाली. तिने डोळे उघडले. "ते खरं आहे. बोलावतात मला. फोनवर तर फारच गोड बोलतात. मग मी जाते. बाहेर बसलेली बाई नाव पुकारते, मी उठते, आणि तिची नजर माझ्यावरून पुढे जाते, मागे आणखी कोणी आहे का बघायला. दर वेळी. आणि मग हातातल्या कागदाकडे बघून विचारते, 'तुम्ही रिबेका?' विमा कंपनीत सहा वर्षं झाली मला. अजून नवे लोक आले की विचारतात."

"मग क्लेअर कशाला?" आर्नेटा पटकन म्हणाली. "तेच सगळं हिच्या वाट्याला यायला?"

"निदान बोलावतील तरी. दार तरी उघडेल. आत गेल्यावर काय करायचं ते तिचं ती बघेल." रिबेकाचा आवाज खाली आला. "मला भांडायला जोर नाही गं आई. मी दमलेय."

व्हर्लीनने चष्मा काढला आणि अंगरख्याच्या टोकाला पुसला. तो परत लावायच्या आधीच ती बोलली.

"ती बाई मी होते."

रिबेकाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आर्नेटा हलली नाही.

"माहीत आहे," आर्नेटा म्हणाली. "तुम्ही दारातून आत आलात तेव्हाच ओळखलं. चष्मा खाली सरकवून वरून बघता ना, ते."

"मग बोलला नाहीत ते?"

"तुम्हाला ओळख पटते का बघत होते."

व्हर्लीनला ओळख पटली नव्हती. आत्ताही तिने आर्नेटाच्या चेहऱ्यातून अठ्ठावीस वर्षं वजा करून पाहिली. भुकेली, एकटी, एकोणीस वर्षांची पोरगी. अशा किती होत्या. सँडविचही तिने बऱ्याच जणींना दिलं असेल. तेव्हा ती दोन जास्त बांधून आणायची, कोणाला तरी लागतंच म्हणून. त्यातली एक ही.

"रिबेकाच का?" पलंगावरून प्रश्न आला. आवाजात राग नव्हता. खूप दिवस मनात असलेला पत्ता विचारावा तसं तिने विचारलं. "दुसरी पण नावं आहेत बायबलमध्ये. तुमच्या कोणाचं होतं का? आईचं, बहिणीचं?"

हो म्हणणं सोपं होतं. माझ्या बहिणीचं होतं, लहानपणीच गेली, असं काहीतरी. एवढ्या वर्षांत व्हर्लीनने याहून मोठ्या थापा रडणाऱ्या बायांना मारल्या होत्या, आणि त्या कामीही आल्या होत्या.

"मला आठवत नाही, बाळा," ती म्हणाली. "तुमचं काहीच आठवत नाही मला. त्या दिवशी जे तोंडात आलं असेल, ते."

आर्नेटाने खिडकीच्या कठड्याला टेकून दोन्ही हात पोटाशी घेतले. "मला वाटायचं, तुम्ही विचार करून दिलं असेल," ती म्हणाली. "तुम्ही छताकडे बघितलं होतंत ना जरा वेळ. तेव्हा वाटलं, विचार करतायत."

 व्हर्लीनला तिचे वडील आठवत होते. त्यांना नाव नव्हतं, नुसती दोन अक्षरं होती. आर. एल. कशाचं आर आणि कशाचं एल, असं कोणी विचारलं तर ते म्हणायचे, आर म्हणजे आर. आजोबांनी मुद्दाम तसं ठेवलं होतं. मिसिसिपीत तेव्हा साठीच्या माणसालाही गोरी पोरं पहिल्या नावाने नाहीतर 'ए पोरा' म्हणून हाक मारायची. नुसत्या अक्षरांना कशी मारतील, असा त्यांचा हिशोब. मग वडील मेम्फिसला टायरच्या कारखान्यात लागले. तिथल्या कारकुनाने सांगितलं, अक्षरं चालत नाहीत, रकान्यात पूर्ण नाव पाहिजे, आणि स्वतःच लिहून मोकळा झाला: रॉबर्ट ली. गुलामी टिकावी म्हणून ज्या सेनापतीने लढाई केली त्याचं नाव. खोडसाळपणाने लिहिलं की जे तोंडात आलं ते, कोणी विचारलं नाही. तीस वर्षं पगाराच्या पाकिटावर तेच होतं. संध्याकाळी घरी येऊन बूट काढताना वडील म्हणायचे, "आज रॉबर्टला फार राबवलं गं त्यांनी." आणि सगळे हसायचे. व्हर्लीनही हसायची.

"चुकले म्हणायला पाहिजे मी," ती आता म्हणाली. "पण चुकले का, तेही मला धड कळत नाही. हिला बोलावतात, असं हीच म्हणते."

"मी तुमच्यावर चिडलेली नाही," आर्नेटा म्हणाली. "चिडले असते तर सोपं झालं असतं. त्या दिवशी या अख्ख्या शहरात मला जेवलीस का म्हणून विचारणारं दुसरं कोण होतं? तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. मीच ऐकलं ना?" ती पलंगाजवळ आली आणि झोपलेल्या बाळाच्या मुठीवर एक बोट ठेवलं. "फक्त आता लिहा. तेव्हा राहिलं, ते आता लिहून टाका. एवढंच म्हणतेय मी."

"नाही," रिबेका म्हणाली.

"का पण? एक कारण सांग. नोकरीचं सोडून."

"कारण ते माझं आहे."

आर्नेटाचं बोट बाळाच्या मुठीवरच राहिलं.

"तू मला काय हाक मारतेस?" रिबेका म्हणाली. "घरात. जेवायला वाढलंस की. फोन उचलल्यावर."

"झेटा."

"आणि चिडलीस की?"

आर्नेटाने बोट काढून घेतलं.

"अख्खं डारझेटा. तीन घरं पलीकडे ऐकू जाईल असं. चर्चमध्ये सगळे झेटा म्हणतात. टेरेल झेटा म्हणतो. कागदावर नाही, पण मला तेवढंच एक नाव आहे, आई. रिबेका ऑफिसात जाते. हिला ते देऊन टाकलं, तर तू मला काय म्हणणार आहेस?"

आर्नेटा पलंगाच्या कडेवर बसली. पाठ वाकवून बसली, दिवसभर गिऱ्हाइकांमागे उभं राहून घरी आलेली बाई बसते तशी.

"मला वाटायचं, तुला त्याची लाज वाटते," ती म्हणाली. "सलूनमध्ये तुझ्या मैत्रिणी यायच्या, मी हाक मारली की खाली बघायचीस."

"चौदा वर्षांची होते मी. मला तेव्हा तुझ्या बुटांचीही लाज वाटायची."

"त्या बुटांना काय झालं होतं?"

"आई, सोनेरी होते ते."

आर्नेटा हसली नाही, पण तिचे खांदे जरा सैल झाले. बाळ कुरकुरलं. रिबेकाने त्याला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि आईने न सांगता उशी पुढे सरकवली. व्हर्लीन उठली. आता या खोलीत तिचं काही काम नव्हतं.

"फॉर्म इथे ठेवते," ती म्हणाली. "उद्या सकाळी घरी जायच्या आधी भरून ठेवा. पेन राहू दे, माझ्याकडे दुसरं आहे."

उरलेल्या चार खोल्या तिने तशाच केल्या. एका खोलीत एका मुलीने विचारलं, हे नाव फार लांब होतंय का हो? व्हर्लीनने रकाना बोटाने मोजून दाखवला आणि म्हणाली, बसतंय की. घरी जाताना बसमध्ये तिला झोप लागली आणि ती एक थांबा पुढे उतरली. तेवढं अंतर परत चालत येताना तिचा गुडघा फार दुखला.

दुसऱ्या दिवशी ती त्या खोलीत गेली तेव्हा रिबेका कपडे करून खुर्चीत बसली होती. केसांना ताजं तेल होतं आणि कानाच्या मागून बारीक वेण्या घातलेल्या; आर्नेटाने सकाळीच घातल्या असणार. बाळाला गाडीतल्या छोट्या खुर्चीत बांधलं होतं. टेरेल रात्री आला होता, आता गाडी दाराशी आणायला खाली गेला होता. आर्नेटा कपाटातले कपडे पिशवीत भरत होती.

"झालं का?" व्हर्लीनने विचारलं.

रिबेकाने पाटी पुढे केली. बाळाच्या नावाच्या रकान्यात एक शब्द होता. आर्नेल.

"आर्नेटातलं आर्न आणि टेरेलमधलं एल," रिबेका म्हणाली. "टेरेलला सकाळी चार वेळा म्हणून दाखवलं. त्याला आवडलं. त्याला काय, झोपेत होता तो, कशालाही हो म्हणाला असता."

"काय म्हणतात लोक ते बघू," आर्नेटा पिशवीत बघत म्हणाली. "मी काही सांगितलं नव्हतं हो, मिस व्हर्लीन. हिने स्वतःच बसून केलं." मग तिचे हात थांबले. तिने ते नाव ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हटलं. "अगं, हे तर डार्नेलच आहे. त्याचा डी तेवढा कुठे गेला?"

"तो माझ्याकडे आहे," रिबेका म्हणाली.

आर्नेटा पिशवी बंद करायला लागली. चेन अडकत होती. तिने ती मागे घेतली, पुढे ओढली, मागे घेतली, आणि तोंड खिडकीकडेच ठेवलं.

व्हर्लीनने बाकीचा फॉर्म तपासायला चष्मा खाली सरकवला. आईच्या नावाच्या रकान्यात काल तिने स्वतः लिहिलेलं रिबेका एका सरळ रेघेने खोडलं होतं. वर, जागा पुरावी म्हणून बारीक अक्षरात, लिहिलं होतं डारझेटा.

ती ते वाचत राहिली. मग म्हणाली, "हे मला इथे बदलता येत नाही, बाळा. ओळखपत्रावर आहे तेच लागतं. नाव बदलायचं तर कोर्टात अर्ज करावा लागतो, मग सगळीकडे..."

"माहीत आहे. दिवसभर असलेच कागद बघते मी." रिबेकाने बाळाचा पट्टा नीट केला. "पेन तुम्ही ठेवून गेलात. एकदा लिहून बघावंसं वाटलं, कसं दिसतं ते."

"खाडाखोड असलेला घेत नाहीत."

"मग दुसरा भरू."

व्हर्लीन खुर्चीत बसली. तिने पाटीखालून कोरा फॉर्म काढला आणि उतरवायला सुरुवात केली. पत्ता. तारीख. वजन. टेरेलचं पूर्ण नाव. आर्नेल लिहिताना तिने प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हटलं आणि रिबेकाने मान हलवली. आईचं नाव तिने शेवटी ठेवलं होतं. त्या रकान्याशी आल्यावर तिने वर पाहिलं. छताकडे नाही, रिबेकाकडे.

"लिहा," रिबेका म्हणाली.

तिने लिहिलं, रिबेका.

"तो खोडलेला फाडणार का तुम्ही?" आर्नेटाने विचारलं. पिशवी तिच्या खांद्यावर होती.

"नियम तसा आहे."

आर्नेटाने हात पुढे केला. व्हर्लीनने जुना फॉर्म तिच्या हातात दिला, आणि आर्नेटाने तो चार घड्या करून पर्समध्ये, आतल्या कप्प्यात ठेवला.

खाली टेरेलने हॉर्न वाजवला. रिबेकाने नवा फॉर्म मांडीवर घेतला आणि सही करायच्या आधी, विमा कंपनीतल्या सवयीने, वरपासून खालपर्यंत एकेक ओळ वाचली. आईच्या नावाशी ती थांबली.

"जन्मल्यावर घेतलेल्या माझ्या पावलांच्या ठशांचा कागद आईने जपून ठेवलाय," ती म्हणाली. "दवाखान्याने दिलेला, हाताने नाव लिहिलेला. कपाटात असतो. लहानपणी मी त्याच्यावरूनच लिहायला शिकले." तिने शाईवर बोट न टेकवता, वरूनच पहिलं अक्षर गिरवलं. "आर तुम्ही अजून तसाच काढता."

आणि तिने सही केली.